गॅस संपत नाही, गळतो

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कळव्यात राहतो. १९८९ साली अंबरनाथच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड पूर्ण केला आणि तेव्हापासून ठाणे, ऐरोली, तुर्भे, वाशी या पट्ट्यातल्या दुकानांचे डीप फ्रीझर, कूलर आणि कोल्ड रूम दुरुस्त करत आलो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केली, तेव्हापासून घरी आहे. हे पत्र मी दहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. तेव्हा हातात पाना होता आणि रोजचं काम होतं, म्हणून राहून गेलं.

इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला फोन एकच. "गॅस संपलाय, येऊन मारून जा."

किराणावाले, डेअरीवाले, मोठ्या सुपरमार्केटचे मॅनेजर, सगळे हेच म्हणतात. आम्ही मेकॅनिकही तेच म्हणतो आणि बिलावर "गॅस चार्जिंग" असं लिहून देतो. पण फ्रीझरमधला गॅस संपत नसतो. घरचा सिलिंडर संपतो, कारण तो आपण जाळतो. फ्रीझरमधला गॅस कशातच खर्ची पडत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, आतल्या कॉइलमध्ये उष्णता शोषून पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत येतो. बंद नळीतला हा फेरा वीस वर्षं चालला तरी गॅस तेवढाच राहायला हवा. कमी झाला याचा अर्थ नळी कुठेतरी गळते आहे, आणि गेलेला गॅस आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे.

हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण त्याचा अर्थ मला नौपाड्यातल्या एका काकूंनी विचारला.

काकूंचं जुनं दुग्धालय आहे. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री त्यांचा चक्क्याचा फ्रीझर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून श्रीखंडासाठी रांग लागणार, आणि डब्यांना घाम फुटायला लागलेला. मी सिलिंडर खांद्यावर टाकून पोचलो, गेज लावला आणि म्हणालो, "काकू, गॅस संपलाय." त्यांनी उधारीची वही काढली. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या. दोन वर्षांत चार वेळा गॅस, चारही वेळा माझ्याच हातचा. त्या म्हणाल्या, "मला एक सांग, माझ्या घरचा फ्रिज बावीस वर्षं झाली चालतोय, त्यात कधी एक थेंब गॅस भरला नाही. मग दुकानातलाच गॅस कसा संपतो? तू भरलेला गेला कुठे?"

उत्तर मला ठाऊक होतं. घरचा फ्रिज कारखान्यात एकदा सील होऊन येतो, त्याला जागोजागी सांधे नसतात. दुकानातल्या मोठ्या यंत्राचं युनिट मागच्या गल्लीत किंवा गच्चीवर, कॉइल आत, आणि मधली तांब्याची लाइन आम्ही जागेवर जोडतो. तिथे फ्लेअर नट, म्हणजे नळीची दोन टोकं पेचाने आवळून जोडणारे नट असतात. कॉम्प्रेसरच्या थरथरीने ते सैल होतात आणि तिथून गॅस झिरपतो. गळतीच्या जागी तेलाचा काळा, चिकट डाग पडलेला असतो. काकूंच्या यंत्राच्या नटावर असा डाग होता, आणि तो मी आधीच्या चारही वेळा पाहिला होता. कपड्याने पुसला होता, नट अर्धा फेरा आवळला होता आणि गॅस मारून निघालो होतो.

त्या रात्री आम्ही चक्का शेजारच्या दुकानाच्या फ्रीझरमध्ये आणि बर्फाच्या लादीवर हलवला. मी दोन्ही नट कापून सांधे ब्रेझिंगने, म्हणजे धातू वितळवून, पक्के केले, लाइनमध्ये नायट्रोजनचं प्रेशर धरलं, साबणाचा फेस लावून एकेक सांधा पाहिला आणि प्रेशर पहाटेपर्यंत तसंच ठेवलं. काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम करून गॅस भरला. त्यानंतर ते यंत्र बदलेपर्यंत काकूंच्या वहीत गॅसची नोंद झाली नाही.

आता हा गॅस हवेत गेला तर बिघडतं काय, ते सांगतो. मी कामाला लागलो तेव्हा आर-१२ नावाचा गॅस होता. ओझोनचा थर त्याने विरतो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. भारत त्या करारात १९९२ साली आला. मग आर-१३४ए आला, आणि उणे तापमानाच्या फ्रीझरसाठी आर-४०४ए. दोन्ही ओझोनला धक्का लावत नाहीत हे खरं आहे. आम्हाला प्रशिक्षणात तेवढंच सांगितलं, आणि आम्ही गिऱ्हाइकांना "हा गॅस पर्यावरणाला चांगला" असं छातीठोक सांगत फिरलो. पण उष्णता अडवून धरण्याच्या बाबतीत हे वायू भयंकर आहेत. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-१३४ए म्हणजे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. आधी फ्रीझरमध्ये असायचा तो आर-२२ म्हणजे १,८१०. आणि आर-४०४ए म्हणजे ३,९२२ किलो, जवळजवळ चार टन. ज्या फ्रीझरमध्ये आर-२२च्या जागी आर-४०४ए आला, तिथे ओझोन वाचला आणि तापमानवाढीचा भार दुपटीहून वाढला.

चार टन हा आकडा मलाही आधी नुसताच वाटला होता, म्हणून माझ्या स्कूटरवर मांडून पाहिला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक किलो आर-४०४ए हवेत सोडणं हे १,७०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं. माझी स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते. कळवा ते वाशी आणि परत, रोज तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साडेआठ वर्षं. ती साडेआठ वर्षं एका नटातून, एका किलोत निघून जातात.

घोडबंदर रोडवरच्या एका सुपरमार्केटमधली गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, कारण तसंच मी आणखी दहा ठिकाणी पाहिलंय. फेब्रुवारीत बोलावलं, सात किलो आर-४०४ए मारला. मार्चअखेर सहा किलो. मे महिन्यात आठ किलो. तिन्ही वेळा मी मॅनेजरना म्हणालो की लीक शोधू, एक दिवस द्या. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं: "आधी गॅस मारा, लीक नंतर बघू." आत पनीर, लोणी, आइस्क्रीम, फ्रोझन मटार होते. माणसाची अडचण मला कळत होती. माल गेला तर त्याच्या पगारातून नाही तरी त्याच्या नोकरीतून वसूल होणार. पण एकवीस किलो म्हणजे ८२ टन. वर लिहिलेल्या हिशेबाने, माझ्यासारख्या माणसाची पावणेदोनशे वर्षांहून जास्त स्कूटर. चार महिन्यांत, एका दुकानातून, आणि दुकानात कुणालाही त्याची खबर नाही. शेवटी गळती सापडली ती फॉल्स सीलिंगच्या वर, एका नटापाशी. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला.

यात आम्हा मेकॅनिकांचाही दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. लाइन खोलायची असेल तर आधी त्यातला गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा असतो. त्याला रिकव्हरी म्हणतात. मी पहिली वीस वर्षं एकदाही केली नाही. नट सैल करायचा, फस्स आवाज यायचा, नटावर पांढरं हिव जमायचं, हवेत इथरसारखा गोडसर वास पसरायचा, आणि आवाज थांबेपर्यंत आम्ही चहा प्यायचो. आर-११ या जुन्या गॅसने लाइन धुऊन तो तसाच सोडून द्यायचो. उस्तादांनी तसंच शिकवलं, मीही माझ्या हाताखालच्या चार पोरांना तसंच शिकवलं. किती किलो सोडला असेल ते मी कधीतरी मोजायला बसलो होतो. कागद अर्धा भरला आणि पुढे लिहवेना.

तरीही एक गोष्ट दुकानदारांनी समजून घ्यावी. आम्हाला पैसे गॅसच्या किलोवर मिळतात. लीक शोधायला सहा तास घातले तर त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. सिलिंडर उघडून वीस मिनिटांत गॅस मारला तर किलोचा दर लगेच हातात पडतो. वर्षाच्या मेंटेनन्स करारातही बऱ्याचदा गॅसचं बिल वेगळं असतं. म्हणजे जितकं गळेल तितकं दुरुस्ती करणाऱ्याचं भलं. ही रचना दुकानमालकांनीच बदलायची आहे. लीक शोधण्याच्या तासांचे पैसे द्या, नायट्रोजन टेस्टचे द्या, रिकव्हरीचे द्या. आणि गळती सापडल्याशिवाय सिलिंडर उघडायचा नाही हे करारात लिहा.

त्याआधी काकूंसारखी एक वही घाला. तारीख, यंत्र, गॅसचं नाव, किती किलो भरला. नाव आणि मूळ वजन कॉम्प्रेसरजवळच्या प्लेटवर छापलेलं असतं, वाचायला मेकॅनिक लागत नाही. वर्षाच्या शेवटी बेरीज करा. नवं यंत्र बसवलेलं नसेल तर ती बेरीज म्हणजे तुमच्या दुकानाने हवेत सोडलेला गॅस, त्यात वाद घालायला जागा नाही. ज्या साखळी दुकानांच्या शाखा ठाण्यात आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली आहेत, त्यांनी ही बेरीज गिऱ्हाइकांना दिसेल अशी लावावी. ते कापडी पिशव्यांचे फलक लावतात, चांगलं आहे. पण एका पिशवीचा आणि एका किलो आर-४०४एचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा.

गळती थांबवणं हे पहिलं काम. त्याहून मोठं काम म्हणजे हे वायूच बंद करणं. आणि ते आज करता येतं, म्हणून मी एवढं लिहितो आहे.

आपल्या घरातल्या नव्या फ्रिजच्या मागे पाहा, बहुतेक आर-६००ए लिहिलेलं दिसेल. तो आयसोब्युटेन. दुकानात ठेवायच्या लहान फ्रीझरमध्ये आणि काचेच्या दाराच्या कूलरमध्ये आर-२९० येतो, म्हणजे प्रोपेन. त्याचा तापमानवाढीचा आकडा एकेरीत आहे. ३,९२२ कुठे आणि एकेरी आकडा कुठे! यंत्र विजेलाही हलकं पडतं. काकूंनी २०२२मध्ये जुना फ्रीझर काढला तेव्हा हाच घेतला.

प्रोपेन म्हटलं की दुकानदार दचकतात. स्फोट होईल ना? भीती रास्त आहे, तो पेटतो. पण अशा लहान फ्रीझरमध्ये तो साधारण दीडशे ग्रॅमच्या आत असतो. २०१९ साली आंतरराष्ट्रीय मानकाने ही मर्यादा सुमारे पाचशे ग्रॅमपर्यंत वाढवली, तीही ठरावीक अटींवर. आपल्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ १४.२ किलोचा सिलिंडर उभा असतो आणि आपण त्याच्या शेजारी पोळ्या लाटतो. अट एवढीच की यंत्र त्या गॅससाठीच बनलेलं हवं: आतली बटणं, पंखे, रिले ठिणगी न पाडणारे हवेत. इथे मी हात जोडून सांगतो, जुन्या आर-४०४ए किंवा आर-१३४एच्या यंत्रात प्रोपेन भरू देऊ नका. स्वस्तात काम करतो म्हणून घरगुती सिलिंडरचा गॅस भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवा.

मोठ्या सुपरमार्केटच्या लांबच लांब रॅकना लहान फ्रीझरचा उपाय पुरत नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइडच गॅस म्हणून वापरणारी यंत्रं आहेत. त्याचा आकडा एक. युरोपात १ जानेवारी २०२२पासून मोठ्या दुकानांच्या नव्या मध्यवर्ती यंत्रणेत दीडशेहून जास्त आकड्याच्या वायूंना, काही अपवाद सोडून, बंदी आहे, आणि तिथे ही यंत्रं सर्रास चालतात. आपल्याकडची अडचण खरी आहे: कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर दाबाने पातळ होतच नाही, आणि ठाण्यात ३१ अंश तर दिवाळीतही असतात. त्यामुळे यंत्र फार चढ्या दाबावर चालवावं लागतं आणि साधं बसवलं तर वीज जास्त खातं. उष्ण हवेसाठी वेगळ्या रचना आहेत, त्यावर मद्रासच्या आयआयटीत नॉर्वेच्या तंत्रज्ञांबरोबर सुपरमार्केटच्याच यंत्रावर काम झालं आहे. खर्च आज जास्त येतो. पण ज्यांना दर वर्षी नवी शाखा उघडायला पैसे आहेत, त्यांनी एका शाखेत करून पाहायला काय हरकत आहे? जिथे तेही जमत नसेल तिथे गॅस फक्त मागच्या यंत्राच्या खोलीत ठेवायचा आणि रॅकपर्यंत थंड ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारं द्रावण, खेळवायचं. नळी गळलीच तर फरशी ओली होईल, पण आभाळात काही जाणार नाही.

आणि उघड्या रॅकना दारं लावा. आपल्या दमट हवेत उघडा रॅक म्हणजे दिवसभर बाहेरची वाफ ओढून कॉइलवर बर्फ जमवणं आणि मग हीटर लावून तो वितळवणं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर मी हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, तीनशे पीएसआयच्या पुढे गेलेलं पाहिलंय. दाब वाढला की सांधे आणखी झिरपतात, गॅस कमी पडला की कॉम्प्रेसर जास्त वेळ धावतो, गच्ची आणखी तापते. त्या गच्चीवर दुपारी दोन वाजता पत्र्याला हात लावून काम करणाऱ्याला तापमानवाढ वर्तमानपत्रात वाचावी लागत नाही. खारघरला एप्रिल २०२३मध्ये उघड्या मैदानावर उन्हाने माणसं गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाशीत एका दुकानाच्या गच्चीवर होतो. माझ्या हाताखालचा मुलगा भोवळ येऊन खाली बसला. आम्ही तिथे त्या दिवशी गॅसच मारायला गेलो होतो.

काही मालक म्हणतात, सरकार सांगेल तेव्हा बघू. सरकारने सांगून झालंय. २०१६ साली रवांडातल्या किगाली इथे जगाने आर-१३४ए, आर-४०४एसारखे वायू कमी करायचं ठरवलं, आणि भारताने २०२१मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याला २०२८मध्ये या वायूंच्या वापराला मर्यादा घालायची आहे, २०३२पासून दहा टक्के, २०३७पासून वीस, २०४२पासून तीस आणि २०४७पासून पंचाऐंशी टक्के कपात करायची आहे. सुपरमार्केटचं यंत्र नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं सहज जातं. म्हणजे या दिवाळीत आर-४०४एचं यंत्र बसवणारा माणूस त्या कपातीच्या आत अडकणार आहे. आर-१२ बंद होत गेला तेव्हा मी दुकानदारांना एका सिलिंडरसाठी चार ठिकाणी फोन करताना पाहिलंय, आणि मिळाला तर त्यात भेसळ निघायची.

जुनी यंत्रं भंगारात देतानाही एवढं करा. शिळफाट्याच्या बाजूला भंगाराच्या वखारीत मी तांब्यासाठी पाइप थेट कापताना पाहिले आहेत, भरलेल्या गॅससकट. यंत्र गाडीत चढवण्याआधी मेकॅनिक बोलवून गॅस काढून घ्या. रिकव्हरी मशीन ठाण्यात भाड्यानेही मिळतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या चौघांपैकी तिघांनी आता मिळून स्वतःचं घेतलंय. ते विकत घेताना पहिला हप्ता मी भरला.

गिऱ्हाइकांना एकच विनंती. दूध, दही घ्यायला जाल तेव्हा फ्रीझरच्या प्लेटवर कुठला गॅस लिहिलाय ते वाचा आणि काउंटरवर विचारा: "यात वर्षाला किती भरता?" पहिल्यांदा कुणाला उत्तर येणार नाही. मलाही काकूंनी विचारलं तेव्हा देता आलं नव्हतं.

आपला,
एक रेफ्रिजरेशन मेकॅनिक
कळवा, जि. ठाणे